सात ते नऊची वेळ कोणाची? नवी मुंबईतल्या एका कम्युनिटी रेडिओचं प्रकरण

नवी मुंबईत ठाणे–बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात एका शिक्षणसंस्थेचं कम्युनिटी रेडिओ केंद्र, म्हणजे आसपासच्या परिसरापुरतं चालणारं छोटं रेडिओ केंद्र, आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात या केंद्रापुढे एक प्रस्ताव आला. संध्याकाळी सहा ते दहा सलग गाणी लावायची, आणि आरोग्य, कामगार कायदा, सरकारी योजना हे सगळे माहितीचे कार्यक्रम दुपारी दोन वाजता न्यायचे. त्या प्रस्तावाचं पुढे काय झालं, त्याची ही नोंद. केंद्राच्या सल्लागार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून मी या बैठकांना होते. केंद्राचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

कम्युनिटी रेडिओला सहसा १०० वॅटपेक्षा जास्त शक्तीचं प्रक्षेपण करता येत नाही. आवाज नीट पोचतो तो पाच-दहा किलोमीटरच्या परिघात. इथे पश्चिमेला खाडी आहे आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर. खाडीकडच्या सेक्टरांत केंद्र स्वच्छ लागतं, पण तिथल्या सोसायट्यांत रेडिओ लावणारी घरं थोडी. ऐकणारी माणसं आहेत ती गावठाणांत, माथाडी वसाहतीत आणि डोंगराच्या पायथ्याशी एमआयडीसीला चिकटून असलेल्या वस्त्यांत. शिवणकामाची दुकानं, सलून, इस्त्रीच्या टपऱ्या, शेअर रिक्षा या ठिकाणी रेडिओ दिवसभर चालू असतो. घरात ऐकणाऱ्या बायका बहुतेक करून संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ऐकतात.

या केंद्रांवर काही बंधनं आहेत. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओची परवानगी मिळू लागली, ती लोकांच्या उपयोगाचं आणि लोकांच्या सहभागातून काहीतरी घडावं म्हणून. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत असा नियम आहे. स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करता येत नाहीत. पाणी, वीज, वाहतूक, हवामान यांबद्दल प्रशासनाकडून आलेल्या सूचना देता येतात. म्हणजे आकाशवाणीवर जी लोकसेवेची जबाबदारी कायद्याने आहे, तिचाच एक लहान तुकडा या केंद्रांनी उचललेला असतो. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यात लोकांना माहिती देणं, शिक्षण देणं आणि त्यांचं मनोरंजन करणं ही तिन्ही कामं एकाच वाक्यात आली आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्या वादात मनोरंजन म्हणजे लोकसेवेतून पळवाट असं काहीजण धरून चालले होते. तसं ते नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळात शहराला नगरसेवक नव्हते. गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर ज्याच्या दारात जाऊन उभं राहायचं तो माणूसच नव्हता. विभाग कार्यालयात जायचं तर एक खाडा पडतो. याचा रेडिओशी काय संबंध, ते पुढे येईल.

अडचण

केंद्राचा संध्याकाळचा क्रम असा होता: सहा ते सात माहितीचा कार्यक्रम, सात ते नऊ फर्माइशी. माहितीच्या तासाला एका सामाजिक संस्थेच्या आरोग्य प्रकल्पाचे पैसे मिळत होते. ते मार्चअखेर थांबले. संस्थेच्या विश्वस्तांनी सांगितलं की इमारत आमची, परवाना आमचा, पण पगार आणि चालू खर्च केंद्राने स्वतः काढावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कम्युनिटी रेडिओच्या नव्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या होत्या. ताशी सात मिनिटं जाहिराती घेता येत होत्या, त्या बारा मिनिटं झाल्या. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. जाहिरातींचं काम बघणाऱ्या दादांनी लगेच हिशेब मांडला. फर्माइशींचे दोन तास म्हणजे २४ मिनिटं, चार तास केले तर ४८. परिसरातले सराफ, कोचिंग क्लासवाले, लग्नाच्या हॉलचे मालक यांच्याशी ते आधीच बोलून आले होते. सगळ्यांचं एकच म्हणणं: पैसे देऊ, पण गाण्यांच्या कार्यक्रमात. माहितीच्या तासात जाहिरात नको, तो कुणी ऐकत नाही.

हे शेवटचं वाक्य बैठकीत बराच वेळ फिरत राहिलं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की त्यात कारण आणि परिणाम उलटे मांडलेले होते. माहितीचा तास हा प्रकल्पाच्या ठरीव मजकुरावर चालत होता. हात कसे धुवावेत, लोह कशातून मिळतं, डासांची उत्पत्ती कशी रोखावी. माहिती बरोबर होती, पण ती कुणी विचारलेली नव्हती. एक निवेदक कागद वाचणार, शेवटी पाहुण्या डॉक्टरांचे आभार. असा कार्यक्रम ऐकला जात नाही म्हणून तो दुपारी दोनला ढकलायचा, आणि मग दोनला तर मुळीच ऐकत नाहीत म्हणून बंद करायचा, ही वाट कुठे जाते ते सगळ्यांनाच दिसत होतं. लोकसेवेचे कार्यक्रम बहुधा कुणी उघडपणे बंद करत नाही. त्यांच्याकडून आधी चांगली वेळ काढून घेतली जाते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दादांचा होता: चार तास गाणी, माहिती दुपारी. पैसे नक्की मिळाले असते. पण चित्रपटगीतांचं हक्कशुल्क भरावं लागतं, आणि गाणी दुप्पट झाली की तो खर्चही वाढतो. दुसरा प्रश्न निम्म्या स्थानिक कार्यक्रमांचा. स्थानिक माणसाने मागितलेलं हिंदी सिनेमाचं गाणं हा स्थानिक सहभाग धरायचा का? दादा म्हणाले, धरायचा. मला ते पटलं नाही. घणसोली, गोठिवली, तळवलीकडच्या गायकांनी स्टुडिओत येऊन गायलेली आगरी-कोळी गाणी निर्विवाद स्थानिक, आणि लोकप्रियतेतही ती कमी नव्हती. पण ती रेकॉर्ड करायला वेळ आणि माणूस लागतो.

दुसरा पर्याय: जसं आहे तसं ठेवायचं आणि नवा प्रकल्प शोधायचा. प्राचार्यांचा कल इकडे होता. यात केंद्राचा स्वाभिमान राहतो असं त्यांना वाटत होतं. पण प्रकल्पाचे पैसे आले की प्रकल्पाचा मजकूरही येतो.

तिसरा पर्याय: गाण्यांच्या मध्ये छोट्या सूचना पेरायच्या. चौथा: श्रुतिकेची मालिका. एका माथाडी कुटुंबाची गोष्ट, आणि त्यातून माहिती. समितीत आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक कार्यक्रम अधिकारी होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. मालिकेची कल्पना त्यांची. दूरदर्शनवर १९८४ मध्ये 'हम लोग' आली ती कुटुंबनियोजनाचा विषय कथेतून मांडायच्या हेतूनेच, आणि मुंबई आकाशवाणीवर घरगुती संवादांतून नागरी प्रश्न बोलायची परंपरा त्याहून जुनी. सरांचं म्हणणं रास्त होतं, पण दर आठवड्याला चांगली संहिता कोण लिहिणार याला उत्तर नव्हतं. वाईट लिहिलेली बोधप्रद श्रुतिका ऐकवणं म्हणजे ऐकणाऱ्याला शिक्षा. पर्याय बाजूला पडला.

तिसऱ्या पर्यायाला सरांचाच विरोध होता. गाणं ऐकायला बसलेल्या माणसाला मध्येच मलेरिया ऐकवू नका, तो बटण फिरवेल. त्यांनी त्या वेळी जुना दाखला दिला. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. सरांचा निष्कर्ष असा की गाणं आणि उपदेश यांची सरमिसळ करू नये, विविध भारतीसारखी गाण्याची जागा वेगळी ठेवावी.

मला त्या इतिहासात आणखी एक गोष्ट दिसते. विविध भारतीने श्रोते परत आणले हे खरंच, पण गाणी एका वाहिनीवर आणि कामाच्या गोष्टी दुसऱ्या वाहिनीवर अशी वाटणीही तिथून पक्की होत गेली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूरला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि उत्पन्नही गाण्यांच्या बाजूला गेलं. आमच्या एवढ्याशा केंद्रात तीच वाटणी दिवसाच्या तासांमध्ये उतरली होती. याउलट मुंबई आकाशवाणीवर कामगारांसाठीच्या कार्यक्रमात गाणीही असत आणि कामाची माहितीही. घरी परतलेला कामगार दोन्हीसाठी बसायचा. सरांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, त्यांनी ते कार्यक्रम केले होते. ते हसले आणि म्हणाले, "पण तेव्हा दुसरं काही लागत नव्हतं हो."

बैठक तिथे अडली.

फर्माइशींची वही

कोंडी फुटली ती फर्माइशी सादर करणाऱ्या निवेदिकेमुळे. ती तिथल्याच गावठाणातली, पंचविशीतली मुलगी. श्रोते तिला ताई म्हणतात, गावातल्या वयस्क बायका बाय म्हणतात. फर्माइशी व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोपांनी येतात आणि ती त्या एका लांबट वहीत उतरवते: नाव, गाव, गाणं, कोणासाठी. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "गाण्याचं सगळं यात आहे. पण लोक गाण्याशिवायही बोलतात, ते मी लिहीत नाही. ऐकवू का?"

तिने फोन टेबलावर ठेवला. पहिला निरोप एका आजींचा होता. "बाय, पानी कवा येल ते सांग ना गो, गाना मंग लाव." दुसरा रिक्षावाल्याचा, त्याला शिधापत्रिकेच्या केवायसीचं विचारायचं होतं आणि शेवटी बायकोसाठी गाणं. तिसऱ्यात एक आई आरटीईबद्दल, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मिळणाऱ्या राखीव प्रवेशाबद्दल, विचारत होती. २५ टक्के जागांचे नियम राज्य शासनाने फेब्रुवारीत बदलले होते, मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती, आणि भरलेला अर्ज चालणार की पुन्हा भरायचा हे तिला कळत नव्हतं. मग कुत्रं चावल्यावरचं इंजेक्शन कुठे मिळतं. कंपनी बंद झाली, पीएफ कसा काढायचा. ताई यांतल्या बऱ्याच लोकांना कार्यक्रम संपल्यावर स्वतः फोन करून माहिती मिळवून द्यायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण फर्माइशींच्या कार्यक्रमात हे बसत नाही असं तिला शिकवलं होतं.

समितीने पंधरा दिवसांचे निरोप पूर्ण लिहून काढायला सांगितले. ते वाचल्यावर वादाचं स्वरूपच बदललं. गाण्यात माहिती पेरायची की नाही हा प्रश्न उरला नाही, कारण लोक ती तिथेच मागत होते. नगरसेवक नव्हते, विभाग कार्यालय लांब, आणि ताईचा नंबर सगळ्यांकडे होता. सहा वाजताच्या तासात आम्ही न विचारलेलं सांगत होतो आणि सात वाजता विचारलेलं वगळत होतो.

काय केलं

जूनपासून फर्माइशींच्या दोन तासांत रोज तीन प्रश्न घ्यायचे ठरलं. प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात. उत्तर त्या विषयातल्या माणसाच्या आवाजात: आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, शिधावाटप दुकानदार, कामगार वकील, शाळेतले लिपिक. लांबी दोन मिनिटांच्या आत, आणि उत्तर झालं की लगेच त्याच माणसाने मागितलेलं गाणं. हा शेवटचा भाग ताईने सुचवला, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. श्रोता आपल्या गाण्याची वाट बघत बसतो, त्यामुळे उत्तर ऐकूनच उठतो. शेजारीपाजारीही ऐकतात.

सहाचा तास अर्ध्यावर आणला आणि आठवड्यातून तीनच दिवस ठेवला. पीएफ, ईएसआय (कामगार विमा), माथाडी मंडळातली नोंदणी असे दोन मिनिटांत न मावणारे विषय तिथे. उरलेल्या दिवशी त्या वेळेत गावातल्या गायकांची ध्वनिमुद्रणं. जाहिराती बारा मिनिटांपर्यंत घेता येत असल्या तरी फर्माइशींत ताशी आठच घ्यायच्या असं समितीने ठरवलं. दादांना ते रुचलं नाही.

पहिल्या काही आठवड्यांतच एक घोळ झाला. पाणी बंद राहणार असल्याची सूचना कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवली, ती ताईने सात वाजता वाचली. सूचना जुनी होती. या पट्ट्यात काही भागाला मोरबे धरणाचं पाणी येतं आणि काही भागाला एमआयडीसीचं, त्यामुळे सूचना आपल्याला लागू आहे का हेही लोकांना कळत नाही. बायकांनी पिंपं भरली, कळशा भरल्या, एका चाळीत नळावर भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीसारखं आलं. केंद्रावर फोन आले. त्याच दिवशी सात वाजता, म्हणजे चूक झाली त्याच वेळी, ताईने चूक सांगितली आणि माफी मागितली. कुणी म्हणत होतं सकाळी एकदा सांगून मोकळं व्हा. तसं केलं असतं तर ज्यांनी पिंपं भरली त्यांना कळलंच नसतं.

त्यानंतर नियम झाला: संबंधित कार्यालयात फोन करून खात्री केल्याशिवाय कुठलीही सूचना वाचायची नाही, आणि कुणी खात्री दिली ते वहीत लिहायचं. खात्री झाली नसेल तर तसं सांगायचं, उत्तर उद्या. पाण्याची सूचना देताना कोणत्या स्रोताचं पाणी आणि कोणते भाग हे आधी सांगायचं, तारीख नंतर.

जुलैत मोठी कसोटी आली. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि निरोपांचा पूर आला. उत्पन्नाचा दाखला लागतो का, जन्म कर्नाटकातला असेल तर काय, मुदत वाढली म्हणजे कधीपर्यंत. काही ठिकाणी अर्ज भरून द्यायचे पैसे घेतले जात होते. त्याच वेळी विधानसभा निवडणूक तोंडावर होती. प्राचार्यांना वाटलं, विषयाला हातच लावू नये, प्रचार केल्यासारखं होईल. समितीने वेगळं ठरवलं: कागदपत्रं, पात्रता, मुदत आणि अर्ज कुठे भरायचा एवढंच सांगायचं. योजनेबद्दल भलंबुरं मत नाही, कुठल्याही नेत्याचं नाव नाही, लाभार्थीने केलेलं कौतुकही नाही आणि टीकाही नाही. दीड हजार रुपयांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला मुदत सांगण्यात राजकारण काही नाही, आणि ती न सांगणं मात्र तिला महागात पडतं. मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्टपर्यंत गेली तेव्हा ती बातमी सलग आठवडाभर रोज दिली.

प्रायोजकाचा प्रश्न

ऑगस्टमध्ये एका खासगी रुग्णालयाने प्रस्ताव दिला. आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांना आमचे डॉक्टर उत्तरं देतील, वर्षभराचे पैसे आगाऊ. रक्कम एवढी होती की दोन माणसांच्या वर्षाच्या पगाराची चिंता मिटली असती. अट एकच, उत्तरानंतर रुग्णालयाच्या तपासणी पॅकेजचा उल्लेख.

समितीतली ही सगळ्यात अवघड बैठक. दादांची बाजू हलकी नव्हती: डॉक्टर खरे, माहिती खरी, मग पैसे घ्यायला काय हरकत? शिवाय महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना वेळ मिळत नाही, उत्तरं अडकतात. बचत गटाचं काम करणाऱ्या एक सदस्या होत्या, त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. कुत्रं चावल्याचं इंजेक्शन महापालिकेच्या रुग्णालयात मिळतं, हे खासगी रुग्णालयाचे डॉक्टर आपल्या रेडिओवर सांगतील का? यावर कुणी काही बोललं नाही.

नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समितीत निम्म्या महिला असणं बंधनकारक झालं आहे. एरवी ही बाई त्या खुर्चीवर नसती.

केंद्राने रुग्णालयाला कळवलं की कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी तुमची जाहिरात लावू, उत्तरं मात्र केंद्रच ठरवेल. रुग्णालयाने नकार दिला. परिणाम लगेच दिसला: तांत्रिक सहायकाची अर्धवेळ जागा बंद करावी लागली आणि दिवाळीपूर्वीचे पगार उशिरा झाले. योग्य निर्णयाची किंमत त्या मुलाने चुकवली. ते लिहायला त्रास होतो, पण वगळणं खोटेपणाचं होईल.

गणेशोत्सवात आणखी एक मोह आला. इच्छुक उमेदवारांच्या शुभेच्छा. दर चांगला होता आणि शहरातल्या प्रत्येक कमानीवर तेच चेहरे होते. इथे मात्र चर्चा पाच मिनिटांत संपली. राजकीय मजकूर या परवान्यात बसत नाही.

निष्पत्ती

पैशांच्या बाजूने सांगायचं तर केंद्र स्वतःच्या पायावर उभं राहिलं नाही. वर्षअखेर विश्वस्तांनी विजेचं बिल आणि एक पगार उचलायचं मान्य केलं, आणि त्याला कारण झाली ती वही. वर्षभरातले प्रश्न, उत्तरं आणि कुणी खात्री दिली त्यांची नावं, हे सगळं त्यांच्यापुढे ठेवलं होतं. छोट्या जाहिराती वाढल्या: बचत गटांचा फराळ, मासळीच्या खानावळी, शिवणकामाचे क्लास. सराफ टिकला, कोचिंग क्लासने सोडलं.

फर्माइशींचे श्रोते कमी होतील ही सरांची भीती खरी ठरली नाही. निरोप वाढले, आणि आठनंतर बायकांचे जास्त येऊ लागले. सहाच्या अर्ध्या तासाचंही बरं झालं, कारण सातच्या कार्यक्रमात पीएफचा प्रश्न आला की "याचं सविस्तर गुरुवारी सहाला" असं सांगता येऊ लागलं. गावातल्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांना स्वतंत्र मागणी आली, हळदी समारंभाची गाणी सगळ्यात जास्त. गमावलं ते कॉलेजातल्या मुलांना. त्यांना नवी हिंदी गाणी सलग हवी होती आणि ती त्यांना फोनवर मिळतातच. त्यांच्यासाठी केंद्राने काही केलं नाही.

सर शेवटपर्यंत म्हणत राहिले की दोन मिनिटांच्या उत्तरांनी विषयाचा गाभा हरवतो. मासिक पाळीबद्दलचा एक प्रश्न दोन मिनिटांत गुंडाळला गेला तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटलं. तो विषय नंतर सहाला घेतला, पण विचारणारी मुलगी तेव्हा ऐकत होती की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

जाहिरातदारांना भेटण्याआधी निरोप ऐकायला हवे होते. ते केंद्राच्याच फोनमध्ये कित्येक महिने पडून होते. एप्रिलच्या पहिल्या बैठकीत ते असते तर चार तास गाण्यांचा प्रस्ताव त्या रूपात आलाच नसता.

प्रायोजकाविषयीचं धोरण प्रस्ताव येण्याआधी लिहून ठेवायला हवं होतं. पगाराची रक्कम समोर दिसत असताना तत्त्व ठरवायला बसलं की तत्त्व मांडणारा माणूस सहकाऱ्याच्या पोटावर पाय देणारा ठरतो. बचत गटाच्या त्या ताईंना नंतर तसं ऐकावं लागलं. उत्तरांना प्रायोजक घ्यायचा नाही, हे एका ओळीत जूनमध्येच लिहिता आलं असतं, आणि तांत्रिक सहायकाच्या पगाराची दुसरी सोयही तेव्हापासून शोधता आली असती.

भाजी बाजारातल्या कामगारांसाठी दुपारी साडेतीनला अर्धा तास सुरू केला होता, तो फसला. कल्पना अशी की ते दुपारी घरी असतात. असतात, पण झोपलेले. बाजाराचं काम रात्री उशिरा सुरू होऊन सकाळी उरकतं. माथाडी वसाहतीतल्या कुठल्याही घरी विचारलं असतं तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. त्यांना ऐकायला सोयीची वेळ रात्री दहाची, कामाला निघण्याआधीची. पण नऊनंतर केंद्र चालवायचं तर आणखी एक माणूस रात्री थांबला पाहिजे, आणि नेमकी तीच जागा बंद झालेली.

एमआयडीसीलगतच्या वस्त्यांत उत्तर प्रदेश, बिहार आणि उत्तर कर्नाटकातून आलेले कामगार पुष्कळ. वर्षभराच्या वहीत त्यांचे प्रश्न जवळजवळ नाहीत. कार्यक्रम मराठीत आणि आगरीत असणं हे केंद्राचं बळ आहे आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. पण पीएफ अडकलेला कामगार हिंदीत विचारायला कचरला, तर त्याचं उत्तर त्याला मिळत नाही. हिंदीत आलेला प्रश्न हिंदीतच ऐकवायचा आणि उत्तर दोन्ही भाषांत द्यायचं, असा प्रस्ताव मी ठेवला आहे. गावठाणातल्या दोन सदस्यांचा त्याला विरोध आहे. जमिनी आमच्या गेल्या, गावं आमची वेढली गेली, आता एवढी एक वेळ तरी आमच्या बोलीची राहू द्या, असं ते म्हणतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने इथल्या गावांच्या जमिनी संपादन केल्या त्याचा सल त्या बोलण्यात आहे आणि तो खोटा नाही. पुढच्या बैठकीत या प्रस्तावावर मतदान न घेता महिनाभर फक्त गुरुवारी तो करून बघायचा, एवढं तूर्त ठरलं आहे.